जेकार्डच्या गावात एक दिवस



सोलापूरच्या पूर्वभागात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला 'जेकार्ड' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मागाच्या डोक्यावर बसवलेलं यंत्र, त्याला माळेसारखे लटकलेले भोकं पाडलेले पुठ्ठे आणि त्या पुठ्ठ्यांच्या हुकमानं खाली चादरीवर उमटणारा मोर. आमच्याकडे हा शब्द इतका घरचा, की 'जेकार्ड अडकलंय', 'अमुक जण जेकार्डवर आहे' असं बायाबापड्याही सहज बोलतात. हे एका माणसाचं आडनाव आहे, याचा पत्ता मला चाळिशीपर्यंत नव्हता. त्या माणसाच्या गावात एक अख्खा दिवस रमतगमत फिरायला मिळेल, हे तर स्वप्नातही आलं नव्हतं. आज त्या दिवसाविषयी तुमच्याशी बोलायचं आहे.

आमची मुलगी आणि जावई जर्मनीत नोकरीला आहेत. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मुलीनं आधीच तिकिटं काढून ठेवली होती. फ्रान्समधल्या रोन नदीवरची आठवड्याभराची जलसफर. मी म्हटलं, "अगं, एवढा खर्च कशाला?" ती म्हणाली, "अब्बू, तुम्ही दोघं आजवर पंढरपूर, विजापूर आणि मुंबई यांच्यापुढे गेला नाहीत. आता मुकाट्यानं बोटीत बसा." मुकाट्यानं बसलो.

ही बोट म्हणजे समुद्रावरचं अवाढव्य जहाज नव्हे. नदीच्या पुलांखालून जायचं असल्यानं ती लांबच लांब आणि बसकी असते. रोन नदीच्या डाव्या तीरावर ती बांधून ठेवली होती. आम्ही आदल्या संध्याकाळी चढलो होतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोट तिथंच थांबणार होती. ते शहर म्हणजे लिऑन. नकाशात आपण लिऑन वाचतो. तिथली माणसं मात्र 'लिओं' म्हणतात, शेवटचा न नाकातच ठेवतात.

सकाळी न्याहारीनंतर बाकीचे प्रवासी दोन बसगाड्यांतून शहरदर्शनाला निघाले. एका दिवसात अकरा ठिकाणं, असा काहीतरी हिशेब होता. आमच्या सौभाग्यवतीचे गुडघे आणि माझा स्वभाव, दोघांनाही ते झेपणारं नव्हतं. आम्ही ठरवलं, आपण आपल्या पायांनी आणि आपल्या वेळेनं फिरायचं. जेवढं दिसेल तेवढं आपलं.

पूल ओलांडून पलीकडे गेलो. लिओं हे दोन नद्यांचं शहर आहे. रोन नदी स्वित्झर्लंडच्या हिमनदीतून निघते, जिनिव्हाच्या सरोवरातून वाहत येते. दुसरी नदी सोन. ती उत्तरेकडून संथपणे येते. या दोन नद्यांच्या मधोमध जिभेसारखी जमीन आहे आणि शहराचा गाभा तिच्यावर वसलेला आहे. तिथली माणसं रोनला पुरुष मानतात आणि सोनला स्त्री. फ्रेंच भाषेतच ती सोय आहे. आपल्याकडे सिंधू-ब्रह्मपुत्रेचा घोळ असतो, तसंच काहीसं.

पहिलं लागलं बेलकूर नावाचं मैदान. चौक म्हणावा तर फार मोठं, मैदान म्हणावं तर भोवती देखण्या इमारती. तांबूस मुरूम पसरलेली जमीन आणि मधोमध चौदाव्या लुईचा घोड्यावरचा पुतळा. मैदानाच्या एका कडेला एक निराळंच स्मारक आहे. उंच पांढऱ्या खांबावर वैमानिकाच्या वेशातला एक माणूस बसला आहे आणि त्याच्या मागे एक लहान मुलगा उभा आहे. हा माणूस म्हणजे 'छोटा राजकुमार' लिहिणारा सेंत-एक्झुपेरी. त्याचा जन्म या शहरात १९०० साली झाला. लेखकाला इतक्या उंचावर बसवणारं गाव पाहून बरं वाटलं. आपण कवींना फार तर व्यासपीठावरच्या दुसऱ्या रांगेत बसवतो.

बाकावर बसून आम्ही समोर पाहिलं, तर नदीपलीकडच्या टेकडीवर चार बुरुजांचं पांढरंशुभ्र चर्च. त्या टेकडीचं नाव फूर्विएर. शहराचा जन्म तिथला. ख्रिस्तपूर्व ४३ साली रोमन लोकांनी तिथं वसाहत केली. तिचं नाव लुग्डुनुम. रोमन सम्राट क्लॉडियस याचा जन्म तिथलाच. रोमन नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्या अजून शाबूत आहेत. शहराच्या उत्तरेला दुसरी टेकडी आहे, तिचं नाव क्र्वा-रूस. लिओंमध्ये एक म्हण आहे: एक टेकडी प्रार्थना करते, दुसरी टेकडी कष्ट करते.

मी पत्नीला विचारलं, "बोल, कुठल्या टेकडीवर जायचं?" आम्ही घरात दखनी बोलतो, तुम्हाला मराठीत सांगतो. ती म्हणाली, "नमाज बोटीवर झाली आहे. कष्टाच्या टेकडीवर चला."

तिथं जायला भुयारी रेल्वे आहे. ती चढावर दात्यांच्या रुळावरून, खंडाळ्याच्या घाटापेक्षाही उभी चढते. आपण बसलेलं बाकडं तिरकं होतंय की काय, असं वाटतं. वर पोहोचलो, बाहेर पडलो आणि समोर पुतळा. जोझेफ मारी जाकार. आमच्या जेकार्डचा मालक!

श्रोतेहो, या माणसाविषयी थोडं सांगतो. जाकारचा जन्म लिओंमधला, १७५२ सालचा. बाप विणकर. त्या काळी नक्षीचं रेशीम विणायला मागावर दोन माणसं लागत. एक विणकर आणि दुसरा दोऱ्या ओढणारा पोरगा. नक्षीत ज्या ठिकाणी रंग यायचा, त्या ठिकाणचे ताण्याचे धागे वर उचलावे लागतात. ते उचलण्यासाठी पोरगा दिवसभर मागाशी उभा राहून दोऱ्यांचे जुडगे ओढायचा. दिवसाला काही इंच कापड निघायचं आणि पोराची पाठ कायमची वाकायची. हे काम यंत्राकडून करून घ्यावं, यासाठी जाकारच्या आधीही लिओंमधल्या काही कारागिरांनी डोकं लढवलं होतं. छिद्रांच्या कागदाची कल्पना त्यांचीच. पण ते सगळं जुळवून, रोज वापरता येईल असं यंत्र १८०४ च्या सुमारास उभं केलं ते जाकारनं.

युक्ती ऐकायला सोपी आहे. नक्षीची एक आडवी ओळ म्हणजे एक पुठ्ठा. पुठ्ठ्यात जिथं भोक आहे तिथं सुई आत शिरते आणि तिचा धागा वर उचलला जातो. जिथं भोक नाही तिथं धागा खालीच राहतो. धोटा एकदा गेला की पुठ्ठा बदलतो आणि नक्षीची पुढची ओळ येते. भोक म्हणजे 'हो' आणि कोरी जागा म्हणजे 'नाही'. एवढ्याच दोन शब्दांत जगातली कुठलीही नक्षी सांगता येते. १८३९ साली लिओंच्या एका कारखान्यात खुद्द जाकारचं चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला चोवीस हजारांच्या घरात पुठ्ठे लागले होते. इंग्लंडमधला गणिती चार्ल्स बॅबेज याच्याकडे ते चित्र होतं. हिशेब करणाऱ्या आपल्या यंत्रालाही असेच पुठ्ठे जोडायचे, असं त्यानं ठरवलं. आज आपल्या मुलाबाळांना परदेशात नोकऱ्या देणारा जो संगणक आहे, त्याच्या खापरपणजोबांमध्ये हा मागावरचा पुठ्ठाही आहे.

पुतळ्यापासून पाच मिनिटांवर विणकरांचं घर आहे. 'मेझों दे कान्यू'. कान्यू म्हणजे लिओंचा रेशीम विणकर. आत गेलो आणि मला पहिल्यांदा काही दिसलं नाही, ऐकू आलं. तिथं एक बाई माग चालवून दाखवत होत्या. खट्, खटक, धप्प. लिओंच्या लोकांनी त्या आवाजाला शब्द दिला आहे: 'बिस्तांक्लाक-पां'. मागालाच ते या नावानं हाक मारतात. आमच्या गल्लीत या आवाजाला नाव नव्हतं. तो बंद पडला की तेवढं कळायचं. रात्री माग थांबले की झोपलेली पोरं दचकून उठायची.

आता मला थोडं घरातलं सांगावं लागेल. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे अब्बा चादरीच्या कारखान्यात पुठ्ठे पाडायचे. मोठ्या चौकटीच्या कागदावर नक्षी काढलेली असायची. तो कागद समोर लावायचा, एकेक ओळ मोजायची आणि बोटांनी कळा, पायानं पट्टी दाबत पुठ्ठ्याला भोकं पाडायची. एक चौकट चुकली तर मोराची चोच त्याच्या मानेत जायची. ते काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. सोलापुरी चादरीवर कधी कधी अक्षरं विणलेली असतात. कारखान्याचं नाव, एखाद्या संस्थेचं नाव, सत्काराच्या चादरीवर 'सप्रेम भेट'. ही अक्षरं देवनागरी. अब्बांना देवनागरी वाचता येत नव्हतं. उर्दू थोडंफार यायचं, तेही कुराणशरीफाच्या ओढीनं. पण 'स' ला किती चौकटी, 'प्रे' चा तिरका फराटा कुठल्या ओळीपासून सुरू होतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

मी मराठी शाळेत जायला लागल्यावर ते नक्षीचा कागद घरी आणायचे आणि मला विचारायचे, "पढ़ के बोल, मैं क्या लिख्या?" मी अडखळत वाचायचो. चूक नसली की ते मान हलवायचे. त्यांनी पाडलेलं अक्षर बरोबर आहे की नाही, हे तपासायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. माझं मराठीचं पहिलं पुस्तक असं चौकटींचं होतं.

पुढं मी मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहायला लागलो. कॉलेजात वडिलांचा व्यवसाय विचारला की मी 'नोकरी' एवढंच लिहायचो. पुठ्ठ्याला भोकं पाडतात, हे सांगायची लाज वाटायची. त्यानंतर कारखान्यात संगणकावर नक्षी करायला लागले, पुठ्ठ्यांची गरज उरली नाही. अब्बा घरी बसले. येताना मालकाकडून त्यांनी पैशांऐवजी आपल्या हातच्या पुठ्ठ्यांच्या चार माळा मागून आणल्या आणि खाटेखाली ठेवल्या. ते गेल्यावर दोन महिन्यांनी मी त्या रद्दीवाल्याला घातल्या. चौदा किलो भरल्या. किती रुपये आले ते मी इथं सांगत नाही. मला ते आठवत नाही असं मात्र नाही.

त्या विणकरांच्या घरात अगदी तशाच माळा भिंतीवर टांगून ठेवल्या होत्या. काळजीनं, धूळ झटकून, शेजारी माहितीची पाटी लावून. लोक त्यांचे फोटो काढत होते.

माग चालवणाऱ्या बाईंना थोडं इंग्रजी येत होतं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आम्ही भारतातल्या विणकरांच्या गावचे, माझे वडील हे पुठ्ठे पाडायचे. त्यांनी माग थांबवला. एक जुना पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. मी त्यावरून बोट फिरवलं. खरं सांगतो, वाचता येईना. भोकं दिसत होती, पण काय लिहिलंय ते कळत नव्हतं. अब्बांनी बोटानं सांगितलं असतं.

तेवढ्यात ताण्याचा एक धागा तुटला. बाई तो जोडायला वाकल्या. रेशमाचा धागा, केसाहून बारीक. माझी पत्नी इतका वेळ गप्प उभी होती. लग्नापूर्वी माहेरी तिनं दहा-बारा वर्षं घरात बसून कांड्या भरल्या आहेत. ती पुढं झाली आणि हातानंच खूण करून तिनं विचारलं, मी करू का? बाई बाजूला सरल्या. हिनं चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि अंगठ्यानं एकदाच काहीतरी केलं. गाठ बसली. एवढी बारीक की फणीतून अडखळल्याशिवाय जावी. बाईंनी ती गाठ पाहिली, मग हिच्याकडे पाहिलं आणि फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाल्या. ही दखनीत काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या. त्यांचं एकमेकींना सगळं समजलं. दुभाष्या म्हणून उभा असलेला मी तेवढा उगाच होतो.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "त्या माळा मी विकायला नको होत्या." ती म्हणाली, "ठेवल्या कुठं असत्या? दहा बाय बाराची खोली. खाटेखाली दोन पोरं झोपायची. इथल्यांकडे जागा आहे, ते ठेवतात." तिच्या बोलण्यात ना दोष होता, ना दिलासा. हिशेब होता.

खरोखर, इथल्या घरांमध्ये जागेचीच गोष्ट आहे. क्र्वा-रूसच्या जुन्या इमारतींची छतं चार मीटर उंच आणि खिडक्या लांबलचक. पहिल्यांदा वाटतं, काय श्रीमंत लोक असतील! पण ती उंची माणसांसाठी नव्हती, जाकारच्या यंत्रासाठी होती. माग खोलीच्या उजेडात उभा राहायचा आणि विणकराचं कुटुंब एका कोपऱ्यात काढलेल्या लाकडी माळ्यावर झोपायचं. आमच्या पूर्वभागातही हेच. घरात पहिली जागा मागाची, उरली तर माणसांची.

आणि उरलेली गोष्टही तीच. माग विणकराचा, पण सूत व्यापाऱ्याचं आणि मजुरीचा दरही व्यापारीच ठरवणार. १८३१ साली दर इतके घसरले, की अठरा अठरा तास राबूनही पोट भरेना. ऑक्टोबरात विणकर आणि व्यापारी यांच्यात सरकारी अधिकाऱ्यासमोर किमान दराचा तक्ता ठरला. काही व्यापाऱ्यांनी तो पाळायला नकार दिला. २१ नोव्हेंबरला या टेकडीवरून विणकर खाली उतरले. त्यांच्या काळ्या निशाणावर लिहिलं होतं: काम करून जगू, नाहीतर लढून मरू. दोन-तीन दिवसांच्या लढाईनंतर अख्खं शहर त्यांच्या ताब्यात आलं. आणि ताब्यात आल्यावर त्यांनी काय केलं? लूट होऊ नये म्हणून स्वतःच पहारे बसवले. डिसेंबरच्या सुरुवातीला पॅरिसहून मोठी फौज आली. दराचा तक्ता रद्द झाला आणि तो तक्ता घडवून आणणाऱ्या अधिकाऱ्यालाही घरी पाठवलं गेलं. १८३४ च्या एप्रिलमध्ये विणकर पुन्हा उठले, तेव्हा मात्र शेकडो माणसं मारली गेली. त्या मधल्या काळात विणकरांचं स्वतःचं एक साप्ताहिकही निघत होतं. विणकरांची बाजू मांडणारं, विणकरांनी चालवलेलं.

मला साहजिकच आमचा हुतात्मा चौक आठवला. १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. यांतले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत वावरणारे आणि वृत्तपत्र चालवणारे होते. काळ वेगळा, देश वेगळा, कारणंही वेगळी. पण सुताच्या गावांचं रक्त कुठंतरी एका जातीचं असावं.

एक गोष्ट मात्र मनाला चाटून गेली. जाकारचं यंत्र आलं तेव्हा इथल्या विणकरांनी ते फोडलं, जाळलं, त्याच्या जिवावर उठले. दोऱ्या ओढणाऱ्यांची पोटं त्यानं मारली होती. आणि पुढं त्याच टेकडीवर त्याच माणसाचा पुतळा उभा राहिला. अब्बांचं काम संगणकानं घेतलं, तेव्हा मी त्या संगणकावर फार चिडलो होतो. अब्बांचं काम मुळात दुसऱ्या कुणाचं तरी काम घेऊनच आलं होतं, हे मला त्या चौकात कळलं. त्यानं दुःख कमी झालं नाही. फक्त ते किती जुनं आहे, तेवढं समजलं.

टेकडी आम्ही पायीच उतरलो, दमादमानं, बसत बसत. उतारावर 'त्राबूल' आहेत. त्राबूल म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणाऱ्या बोळकांड्या. एका रस्त्यावरच्या दारातून आत शिरायचं, जिना, अंगण, पुन्हा जिना असं करत दुसऱ्याच रस्त्यावर निघायचं. पावसात रेशमाचे तागे भिजू नयेत म्हणून विणकर या वाटांनी माल नेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजेला चुकवायला क्रांतिकारकांना याच वाटा उपयोगी पडल्या. 'कूर दे व्होरास' नावाच्या अंगणात सहा मजली उघडा दगडी जिना आहे, तो पाहून मान दुखते. वर लोक राहतात; खाली पाटी आहे, आवाज करू नका. आमच्या हिनं चपला हातात घेतल्या. मी म्हटलं, "अगं, मशीद नाही ही." ती म्हणाली, "कुणाचं तरी घर आहे ना."

भूक लागली होती. लिओं हे खवय्यांचं शहर. इथल्या पारंपरिक खानावळींना 'बुशों' म्हणतात. पण तिथल्या पाटीवरचे निम्म्याहून अधिक पदार्थ आम्हाला चालणारे नव्हते. शेवटी एका पदार्थावर बोट थांबलं: 'सेर्व्हेल द कान्यू'. शब्दशः अर्थ, विणकराचा भेजा! मी हिला अर्थ सांगितला तशी ती उठायलाच लागली. पण भेजा नावापुरता. मऊ ताज्या चीजमध्ये लसूण, बारीक कांदा, हिरवी पात, व्हिनेगर आणि तेल घालून घोटलेला तो चक्क्यासारखा पदार्थ. खरा भेजा घ्यायला गरीब विणकराकडे पैसे कुठले, म्हणून त्यानं चीजलाच भेजा म्हटलं, असं सांगतात. काही जण त्यात थोडी वाइन घालतात, म्हणून मी वाढप्याला विचारलं. तो आत जाऊन आचाऱ्याला विचारून आला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आज नाही." पाव आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबर आम्ही तो विणकराचा भेजा पोटभर खाल्ला. आपल्या लसणीच्या चटणीत दही कालवलं तर जवळपास तिथंच पोहोचाल.

दुपार सोन नदीच्या काठावर गेली. जुन्या पुस्तकांच्या पेट्या मांडून बसलेले विक्रेते, झाडांची सावली, संथ पाणी. पलीकडे जुनं शहर, तांबड्या-पिवळ्या भिंतींचं. तिथं एका दुकानात गिन्योल नावाची कठपुतळी दिसली. १८०८ च्या सुमारास ती ज्या लोराँ मूर्गे नावाच्या माणसानं घडवली, तोही विणकरांच्याच घरातला. रेशमाचं काम बसलं म्हणून तो बाजारात दात उपटायला लागला आणि गिऱ्हाइकाचं लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणून बाहुल्यांचा खेळ करायला लागला. पुढं दात राहिले, खेळ चालला. आमच्या नातीसाठी एक गिन्योल घेतला.

संध्याकाळी बोटीकडे परतताना गियोतिएर नावाची वस्ती लागली. अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियातून आलेल्या लोकांची दुकानं, ताजा पुदिना, खजूर. एका दुकानात पुदिन्याचा चहा घेतला. दुकानदारानं सलाम केला, कुठले म्हणून विचारलं. मी म्हटलं भारत, मुंबईजवळ. सोलापूर काय सांगणार! तो म्हणाला, "मग हिंदी बोलता?" मी म्हटलं, "घरी दखनी. लिहितो मराठीत." त्यानं नुसती मान डोलावली. तोही घरी एक भाषा बोलत असणार, दुकानात दुसरी. त्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

श्रोतेहो, मला नवल वाटलं ते या गोष्टीचं. गेली तीस वर्षं मी कवितावाचनाला जातो. कार्यक्रम संपला की कुणीतरी प्रेमानं खांद्यावर हात ठेवून म्हणतं, "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान लिहिता हो! कुठं शिकलात?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. तरी दर वेळी काहीतरी टोचतं. आणि दर वेळी मी कॉलेजचं, प्राध्यापकांचं नाव सांगतो. त्यांचे उपकार आहेतच. पण ते खरं उत्तर नव्हे.

साडेसातला बोट सुटली. शहराच्या दक्षिण टोकाला रोन आणि सोन एकत्र येतात. तिथं काचेचं आणि पोलादाचं एक मोठं संग्रहालय उभं आहे. आम्ही डेकवर उभे होतो. रोनचं हिरवट पाणी आणि सोनचं मातकट पाणी काही अंतर शेजारी शेजारी चालताना दिसतं. मग अंधार पडला आणि काही दिसेना.

सोलापूरला परतल्यावर मी पूर्वभागात जाऊन अब्बांच्या बरोबरीच्या एका चाचांना शोधून काढलं. त्यांच्याकडे एक पुठ्ठा शिल्लक होता. कुणाच्या हातचा, ते त्यांना आठवत नव्हतं. तो मी मागून आणला आणि टेबलावरच्या काचेखाली ठेवला आहे. परवा एका कार्यक्रमात तोच प्रश्न आला, "मराठी कुठं शिकलात?" मी सांगितलं, "माझे वडील चादरीच्या कारखान्यात पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी शिकवलं."

विचारणारे गृहस्थ थोडे गोंधळले. मग म्हणाले, "म्हणजे कसं?" मी त्यांना शेजारी बसवलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)